पळसटोल्याचा एका दिवसाचा राजा

गोंदियाकडे कोणी मुद्दाम हिंडायला जात नाही. आमच्या पुण्यात गोंदिया म्हटले की लोकांना विड्या आठवतात, आणि फार झाले तर कलकत्त्याची गाडी. मी गेले ती ह्यांच्या ग्रंथापायी. हे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात आणि आमचे लग्न झाल्यापासून राज्यसंस्थेच्या उगमावर एक ग्रंथ लिहीत आहेत. माझ्या दोन्ही मुली ग्रंथाच्या मागून जन्मल्या आणि शाळेतही जाऊ लागल्या, ग्रंथ मात्र तिसऱ्या प्रकरणात बसला होता.

अडचण काय होती ते मला पाठ आहे, कारण ती मी जेवताना रोज ऐकत आले. एक विलायती पंडित म्हणतो, माणसे एकमेकांच्या भीतीने इतकी गांजली की त्यांनी आपापले सगळे बळ एकाच्या हाती देऊन टाकले, आणि तो राजा झाला. दुसरा म्हणतो, छे, बळ कोणाला दिलेच नाही. सर्वांनी मिळून ते सर्वांपाशीच ठेवले, आणि ते कधी दुसऱ्याच्या स्वाधीन करताच येत नाही. आपल्या जुन्या पोथ्यांतही, मोठे मासे लहान मासे खाऊ लागले तेव्हा लोक राजा मागायला गेले असे आहेच. पण हा करार होताना पाहिलेला एकही साक्षीदार नाही. “ज्याला साक्ष नाही त्यावर इतकी वर्षे कसली चर्चा करता?” असे मी विचारी, आणि हे ताटातला भात गार करीत मला उत्तर देत बसत.

अशात ह्यांचे जुने विद्यार्थी टेंभरे वकील गोंदियाहून पुण्यास आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, “सर, आमच्या गावी तळ्याचं पाणी कमी पडलं की पाहुण्याला बसवतात. त्याचा शब्द म्हणजे कायदा.” झाले. दिवाळीची सुटी लागताच आमची वळकटी बांधली गेली. मुलींना आत्याकडे ठेवले.

सौंदड

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचे आणि सौंदडला उतरायचे. ही छोटी गाडी इतकी सावकाश जाते की खिडकीतून शेजारच्या बांधीतल्या बायकांशी बोलणे पुरे करता येते. बांधी म्हणजे चहूबाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेले धानाचे शेत. नजर जाईल तिथे धान, मध्ये मध्ये मोहाची झाडे, आणि प्रत्येक गावाच्या उशाशी एक तळे. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी असते, दिसत नाही. इथे ते गावाच्या वरच्या अंगाला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे किती उरले हे लहान पोरालाही ठाऊक असते.

त्या वर्षी फार थोडे उरले होते. हस्त कोरडा गेला होता. हलके धान कापणीला आले होते, पण भारी धान नुकते निसवत होते आणि त्याला शेवटचे एक पाणी हवे होते.

स्टेशनावर टेंभऱ्यांनी रेंगी आणली होती. रेंगी म्हणजे आपल्या छकड्याहूनही लहान बैलगाडी. हे दाराशी, मागच्या अंगाला बसले आणि रेंगी उलाळली. बैलांच्या माना वर, ह्यांचे पाय वर, आणि सार्वभौमत्वावरची पुस्तके खाली धुळीत. गाडीवान हसला नाही, फक्त म्हणाला, “गुरुजी, समोर सरकून बसा जी. वजनाचा मानूस मांगं बसला का गाडी उलटते.” मी मात्र पळसटोला येईपर्यंत हसत होते. आता ती वाट आठवली की वाटते, त्या दिवशी हसून घेतले ते बरे केले.

पळसटोला

गावाचे दोन भाग. तळ्याजवळ मोठी वस्ती, बहुतेक पोवार कास्तकारांची. खाली जंगलाच्या कडेला गोंडांची टोली, थोडक्या घरांची. तळ्याच्या तोंडातून दोन पाट निघतात, एक मोठ्या वस्तीच्या धानाकडे, दुसरा टोलीकडे.

आम्ही उतरलो टेंभऱ्यांच्या काकांकडे. गाव त्यांना पटील म्हणते, पाटील नव्हे. थोराड अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. पहिल्या जेवणाला भात, लाखोरीच्या डाळीचे वरण, वांग्याची भाजी आणि तांदळाचे आयते होते. आयते म्हणजे आपल्या घावनांचे सख्खे भाऊ. पोळी कुठे दिसेना म्हणून हे इकडेतिकडे पाहू लागले, तेव्हा पटलांच्या घरच्या बाईंनी विचारले, “आनखी भात वाढू का जी?” इथे भाताबरोबर भात खातात, आणि तो इतका गोड असतो की तक्रारीला जागा राहत नाही.

जेवणानंतर ह्यांनी विषय काढला. पाहुण्यालाच का बसवता? तुम्ही पटील, तुम्हीच का सांगत नाही?

पटील म्हणाले, “मी सांगतलं तं ज्याचं धान वारलं तो माह्या दुस्मन होते. आनि मी तं इथंच राहतो. त्याच्या पोराच्या लग्नात जाचं हाय मले. पाहुना सांगून चालला जाते. लोकं त्याले शिव्या देतेत. तो शिव्या घेऊन शिवेच्या बाहेर गेला, गाव मोकरं झालं.”

“मग सरकारी अंमलदार? तहसीलदार?”

“नाई जी. सरकारी मानूस तं परत येते.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. अशी चमक मी ह्यांच्या डोळ्यांत लग्नातही पाहिली नव्हती. पटील पुढे सांगत होते. मागल्या खेपेस एका कासाराला बसवले होते, त्याच्या आधी एका गोसाव्याला. “त्या गोसाव्याले मी लय शिव्या देल्या. माह्या अर्धा धान गेल्ता. आता आठोन आली का हासू येते.” पाहुण्याचे गावात शेत नसावे, सोयरीक नसावी आणि परत येण्याचे कारण नसावे, एवढ्याच अटी. त्याने जे सांगितले ते सगळे ऐकतात. जाताना अख्खे गाव त्याला शिवेपर्यंत पोचवते आणि बजावते, मागे पाहू नको. त्याने मागे पाहिले तर राग परत गावात येतो.

अंथरुणावर पडल्यावर हे म्हणाले, “अगं, हाच तो करार. मी पुस्तकांतून शोधत होतो, आणि इथे तो तळ्याच्या पाळीवर होतो.” मला तेव्हा ह्यांचा फार अभिमान वाटला. माणसाने आयुष्यभर एक गोष्ट शोधावी आणि ती त्याला धडधाकट भेटावी, असे किती जणांच्या वाट्याला येते?

सकाळी बोलावणे आले. गावाने ह्यांनाच बसवायचे ठरवले होते.

बसण्याआधी पाहुण्याने प्रत्येक वस्तीतला घास खायचा असतो. आम्ही घरोघर नाही, पण आळीआळीने फिरलो. कुठे आयते, कुठे दहीभात, कुठे अंबाडीची भाजी. टोलीवर सुकवारा मडावी नावाच्या बाईंच्या अंगणात बसलो. उंच, काळ्या, पन्नाशीच्या आसपासच्या. घरधनी गेलेले, दोन सुना, नातवंडे. पाटाच्या अगदी शेवटी त्यांची बांधी, त्यात भारी धान, आणि त्यावरच घराचे वर्ष. त्यांनी बांधीतल्या लहान मासोळ्यांचे कालवण आणि भात पुढे ठेवला. पुण्यातला आमचा सोवळा गोतावळा डोळ्यांपुढे आला, पण ह्यांनी घास घेतला आणि मीही घेतला. खरे सांगायचे तर मासोळीपेक्षा आपण जात मोडल्याचाच स्वाद मला अधिक लागला. सुकवाराबाई आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. घास गिळला तशा म्हणाल्या, “आता तुमी आमचे बी झाले आनि त्याईचे बी.”

त्या वाक्याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला दिवाळी उलटावी लागली. ज्याने सगळ्यांचे खाल्ले त्याच्याने कोणालाच उपाशी ठेववत नाही. कासाराने काय सांगितले होते, गोसाव्याने काय, हे मी नंतर पटलांना विचारले. दोघांनीही पाणी कमीअधिक करून दोन्ही पाटांना सोडायला लावले होते. दोन्हीकडचे थोडे थोडे बुडाले, दोन्हीकडून शिव्या मिळाल्या, आणि खायला दोन्हीकडे उरले.

पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, पिंपळाखाली घोंगडी अंथरली होती. सगळे गाव जमले होते. पटील हात जोडून म्हणाले, “सांगा जी आता, पानी कसं सोडाचं.”

हे घोंगडीवर बसले नाहीत. उभे राहिले आणि बोलू लागले.

ते भाषण मी कधी विसरणार नाही, कारण ते सुंदर होते. हे म्हणाले, माझा काय अधिकार? मी परका. तळे तुमचे, धान तुमचे, मग निर्णय दुसऱ्याच्या हाती का देता? सत्ता तुमची आहे, ती कोणाच्या पदरात टाकता येत नाही. उद्या स्वराज्य येईल, तेव्हा कोणत्या पाहुण्याला बसवाल? तुमचे तुम्ही ठरवा. प्रत्येक माणसाचा हात सारखा, पटलाचा आणि टोलीवरच्याचा, बाईचा आणि बाप्याचा. बाईचा म्हणताच मी टाळी वाजवली. त्या वर्षी प्रांतात निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि मत हा शब्द नवा कोरा होता. टेंभरे वकिलांचा ऊर भरून आला.

पटील गोंधळले. “पन गुरुजी, तुमी घास खाल्ला,” एवढेच म्हणाले. घास खाऊन कोणी नाही म्हटल्याचे त्या पाळीवर कधी घडले नव्हते, म्हणून त्यावर काय करायचे हे कोणालाच माहीत नव्हते. वकील पुढे झाले. त्यांनी कोर्टात मांडावा तसा प्रश्न मांडला: आधी पाणी मोठ्या पाटाला, की टोलीच्या? ज्यांना मोठ्या पाटाला हवे त्यांनी हात वर करा.

हे थांबा म्हणत होते. ह्यांची कल्पना अशी, की आधी चर्चा होईल, लोक एकमेकांचे ऐकतील, आणि सगळ्यांचे मिळून एक मत निघेल. पण वकिलांच्या प्रश्नात वाटणीला जागा नव्हती, एक पाट किंवा दुसरा, आणि धान वाळत होते. थोडा वेळ एकही हात वर गेला नाही. मग एक गेला, त्याकडे पाहून दुसरा, आणि मग मोठ्या वस्तीचे सगळेच. पटील शेवटपर्यंत पायाशी पाहत होते. शेवटी त्यांचाही हात खांद्याइतका वर आला. मोजायची गरजच नव्हती. टोलीवरची माणसे बायकांसकट आली होती, पण ती मुळातच थोडी.

वर गेलेल्या हातांकडे सुकवाराबाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहत गेल्या. मग लुगड्याचा पदर खोचून आपल्या माणसांबरोबर टोलीकडे चालत्या झाल्या. दुपारी मोठ्या पाटाला पाणी सुटले, आणि तळे रिकामे होईपर्यंत तिकडेच जात राहिले.

आम्हाला शिवेवर पोचवायला वकिलांखेरीज कोणी आले नाही. हे म्हणाले, बरे झाले, आता पाहुण्याचे स्तोम उरले नाही.

गोंदिया

गोंदिया हे गाव मराठी मुलखात असले तरी त्याची जीभ हिंदी आहे. टांगेवाल्यापासून हलवायापर्यंत सगळे हिंदीत बोलतात, आणि आपण मराठीत उत्तर दिले तरी हिंदीतच पुढे चालवतात. तांदळाच्या गिरण्यांचा कोंडा हवेत तरंगत असतो आणि घराघरांच्या ओसरीवर बायका विड्या वळत असतात. जवळच्या मुर्री गावाच्या बाजूला संध्याकाळी फिरायला छान मोकळे रान आहे. एका हलवायाने हे मास्तर आहेत असे कळताच विचारले, “पंडितजी, सुराज में शक्कर सस्ती होगी क्या?” ह्यांनी त्यालाही जनतेच्या सत्तेविषयी सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि जिलब्या मात्र नेहमीच्याच भावाने दिल्या.

ते दिवस आमच्या संसारातले फार सुखाचे होते. वकिलांच्या माडीवर हे सकाळपासून लिहीत. तिसरे प्रकरण संपले, चौथे सुरू झाले, त्याचे नाव ‘पळसटोला’. लिहिलेले मला वाचून दाखवत. गावातल्या वाचनालयात ह्यांचे व्याख्यान झाले. एका खेड्याने पाहुण्या राजाला निरोप देऊन आपली सत्ता आपल्या हाती कशी घेतली ते ह्यांनी सांगितले, आणि लोकांनी खूप टाळ्या दिल्या. माझ्या मनात मधूनच सुकवाराबाईंचे ते सावकाश पाहणे येई. पण ह्यांचा चेहरा इतका उजळलेला असे, की मी ते बोलून दाखवले नाही.

पुन्हा पळसटोला

दिवाळी झाली. परतण्यापूर्वी एकदा गाव पाहून यावे असे ह्यांच्या मनात आले. चौथ्या प्रकरणाचा शेवट तिथे सुचेल, असे म्हणाले.

मोठ्या वस्तीचे भारी धान पिवळे झाले होते, लोंब्या वाकल्या होत्या. पटलांनी रामराम केला, बसायला बाज टाकली. पण घर गप्प होते. दिवाळीत टोलीवरची माणसे ढोल घेऊन पटलांच्या अंगणात नाचायला येत, वडिलांच्या काळापासून येत. यंदा ढोल आले नव्हते. गडी बोलवायला गेला होता, त्याला नाही असेही कोणी म्हणाले नाही. त्याला बघून लोक नुसते घरात गेले.

आम्ही खाली टोलीकडे गेलो. पाटाच्या कडेने चालताना माती भेगाळत गेली. शेवटची बांधी सुकवाराबाईंची. त्यातले धान वाळून गेले होते. लोंबी आली होती, पण आत दाणा भरला नव्हता. बाईंनी बांधीत ढोरे सोडली होती आणि त्या धुऱ्यावर बसून त्यांना राखत होत्या. धान उभे असताना त्यात ढोर शिरले तर या मुलखात हाणामारी होते. इथे ती त्यांनी स्वतः हाकून आणली होती.

हे धुऱ्यावर त्यांच्यासमोर बसले. मग म्हणाले, “बाई, चूक माझी झाली. तुम्ही मला शिव्या द्या. मी घेऊन जातो.”

सुकवाराबाईंनी ह्यांच्याकडे पाहिले. रागाने नाही. एखाद्या आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

“तुमाले कायले शिव्या देऊ गुरुजी? तुमी तं काईच सांगतलं नाई. हात त्याईचे वर होते.” ढोरांकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, “पयले मले वाटे, गोसाव्यानं धान बुडवला. कासारानं बुडवला. आता मले मालूम हाय कोनं बुडवला. मन्सारामचा हात बी वर होता. त्याची बायको बाळंतपनात मेली तवा त्याच्या लेकराले मी पाजलं. माह्या पोरीसंगं एका मांडीवर वाढलं थे.” मग म्हणाल्या, “त्याची बांधी बी वारून राहिली होती. तो बी काय करन? पन आता तो वाटंनं दिसला का मले हातच दिसते.”

“आता कसं करणार?” मी विचारले.

“सुना गोंदियाले जातेत, विड्या वराले. मी ढोरं राखतो.” त्यांनी मला धुऱ्यावरच तांब्याभर पाणी दिले. खायला काही विचारले नाही, आणि त्याचे वाईट मला वाटले तेवढे कधी कशाचे वाटले नाही.

स्टेशनाकडे निघताना पटील शिवेपर्यंत आले. वाटेत म्हणाले की मन्साराम त्याच्या हलक्या धानातले एक पोते टोलीवर ठेवून आला होता, ते सकाळी त्याच्या दारात परत होते. पुढल्या खेपेस पुन्हा पाहुणा बसवा, असे हे काकुळतीने म्हणाले. पटील म्हणाले, “आता कोनी नाई आयकत जी. मोठ्या वस्तीले मालूम झालं, का आपले हात जादा हायेत.”

ह्यांचा ग्रंथ केव्हा येणार असे लोक मला विचारतात. त्यांच्यासाठीच हे लिहिले. चौथे प्रकरण ह्यांनी फाडले नाही, पुढेही नेले नाही. सत्ता लोकांचीच असावी असे हे आजही म्हणतात, आणि मीही म्हणते. बाईच्या हातासाठी वाजवलेली टाळी मला परत घ्यायची नाही. पण राग कोणी घेऊन जायचा, याचे उत्तर ह्यांच्या कोणत्याच पंडिताने लिहिलेले नाही, आणि ज्या गावाला ते ठाऊक होते तिथे ते आम्हीच मोडून आलो. ह्याची खंत आमच्या घरात आता कायमची राहायला आली आहे.

शिवेच्या दगडापाशी रेंगी थांबली. हे या वेळी पुढे सरकून बसले होते. पटलांना म्हणाले, “आता मागे पाहायचं नाही ना?”

पटील शांतपणे म्हणाले, “पाहा ना जी. तुमच्यासंगं काईच जाऊन नाई राहिलं.”

रेंगी निघाली. आम्ही दोघांनीही मागे पाहिले. सुकवाराबाईंची ढोरे अजून धानातच होती.